घोट्याची झीज, पीआरपी आणि स्टेम सेल: पॅकेजचे पैसे भरण्याआधी

घोट्याचं दुखणं घेऊन कोणी माझ्याकडे आलं की मी आधी त्याची चप्पल उलटी करून बघते. मागच्या पावसाळ्यात आलेल्या एका काकांची उजवी चप्पल टाचेपासून करंगळीपर्यंत बाहेरच्या कडेने इतकी झिजली होती, की रबराखालचा पांढरा थर दिसत होता. आतली कड नवीकोरी. काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, वय ६१. २२ वर्षांपूर्वी मोटरसायकल घसरून उजवा घोटा मोडला, प्लास्टर घातलं, हाड जुळलं, पुन्हा गाडीवर रुजू झाले. गेली तीन वर्षं मात्र सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं भिंतीला धरून टाकावी लागतात.

त्यांच्या हातात एक चकचकीत माहितीपत्रक होतं. तुमच्याच रक्तातून नवी कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवर असतो तो गुळगुळीत थर), तीन इंजेक्शनांचं पॅकेज, रक्कम लाखाच्या वर, आज नाव नोंदवलं तर सूट. आणि त्यावरचं चित्र गुडघ्याचं होतं. हे काकांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही दुसऱ्यांदा बघितल्यावर आलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शनं देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही; पण ती करून आलेली आणि करायला निघालेली माणसं रोज भेटतात. त्यांना जे तोंडी सांगते ते इथे क्रमाने लिहिते आहे. क्रमाचा आग्रह एवढ्यासाठी, की बहुतेक जण शेवटच्या पायरीवरून जिना चढायला सुरुवात करतात. हा लेख वाचून डॉक्टर बदलू नका. पुढच्या भेटीत विचारायचे प्रश्न तेवढे बरोबर न्या.

घोटा म्हणजे लहान गुडघा नव्हे

गुडघा वयाने आणि वजनाने झिजतो, हे घरोघरी माहीत आहे. घोट्याचं तसं नाही. प्रौढांपैकी साधारण एक टक्का लोकांनाच घोट्याची झीज त्रास देते, आणि त्यातल्या ७० ते ८० टक्क्यांच्या मागे जुनी दुखापत असते: मोडलेलं हाड, किंवा वारंवार मुरगळून ढिले पडलेले अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे पट्टे. उरलेल्यांत आमवात, गाऊट, रक्त न गोठण्याचा आजार अशी कारणं निघतात. हाड मोडल्यापासून सांधा दुखेपर्यंत २० वर्षंही जातात, म्हणून माणसाला दोन्हींचा संबंध लागत नाही. 'तेव्हाचं तर बरं झालं होतं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता मीच आधी विचारते, कॉलेजात असताना पाय मुरगळायचा का?

हा सांधा बांधणीला मजबूत आहे. नडगीचं हाड आणि बाहेरचं बारीक हाड मिळून वरून एक खोबण करतात आणि टॅलस नावाचं हाड त्यात घट्ट बसतं. टॅलसवरची कूर्चा जेमतेम एक ते दीड मिलिमीटर जाड; गुडघ्याच्या वाटीवर ती पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असते. वजन पेलणारी जागा गुडघ्याच्या सुमारे एक तृतीयांश. चालताना या एवढ्याशा जागेवर शरीराच्या वजनाच्या पाचपट भार येतो. तरीही घोट्याची कूर्चा वयाला चांगली तोंड देते, कारण ती पातळ असली तरी घट्ट आहे आणि सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत नेमके बसतात. हे बसणं एक-दोन मिलिमीटरने बिघडलं की सगळा भार एका कोपऱ्यावर येतो आणि तो कोपरा झिजायला लागतो.

थोडक्यात, घोटा उगाच झिजत नाही. काकांच्या चप्पलेची बाहेरची कड झिजली होती, म्हणजे टाच आत वळली होती. अशा पायात सांध्यातली कूर्चा आतल्या बाजूला संपते. तिथे कितीही उत्तम द्रव टोचला, तरी दवाखान्यातून बाहेर पडताच पहिल्या पावलाला भार पुन्हा त्याच कोपऱ्यावर पडणार. घरातल्या भिंतीला ओल आली असेल तर आधी गळका पाइप शोधतात, रंगाचं नंतर बघतात. इथे मात्र आधी रंगाचा डबा घेतला जातो.

पहिली पायरी: उभं राहून एक्स-रे

झोपवून काढलेला घोट्याचा एक्स-रे या कामाला जवळजवळ निरुपयोगी. वजन पडल्याशिवाय हाडांमधली फट किती उरली हे कळत नाही. डॉक्टरांना चिठ्ठीवर स्पष्ट लिहायला सांगा: दोन्ही घोटे, उभं राहून, समोरून आणि बाजूने, शक्य असेल तर टाचेची रेषा दाखवणारा मागून काढलेला एक्स-रेही. एक्स-रेवाला 'आडवे व्हा' म्हणाला तर चिठ्ठी दाखवा. संकोच करू नका.

सर्जन त्यावरून झिजेचा टप्पा ठरवतात. घोट्यासाठी जपानच्या नारा शहरातल्या ताकाकुरा यांची पद्धत बरीच वापरली जाते. पहिल्या टप्प्यात फट शाबूत, कडेला हाडाचे कोंब. दुसऱ्यात आतली फट अरुंद. तिसऱ्याचे दोन भाग: '३ अ'मध्ये हाड हाडाला फक्त आतल्या भिंतीशी टेकलेलं, '३ ब'मध्ये टॅलसच्या माथ्यापर्यंत. चौथ्यात सगळी फट गेलेली. तुमचा टप्पा कोणता, हे एका वाक्यात विचारून कागदावर लिहून घ्या. पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर टांगलेला आहे. चौथ्या टप्प्यात कूर्चा उगवण्याची भाषा करणाऱ्याकडून उठून यावं.

एमआरआय सरसकट लागत नाही. तरुण माणूस, बाकी सांधा चांगला आणि एकाच जागी खड्डा पडल्याचा संशय, अशा वेळी त्याचा उपयोग होतो.

तीन गोष्टी मात्र सुई लागण्याआधी नक्की झाल्याच पाहिजेत. एक, दुखणं याच सांध्याचं आहे का? जिना उतरताना, उकिडवं बसताना, चढावर पुढच्या बाजूला दुखतं ते बहुधा घोट्याचं; खडबडीत जमिनीवर, शेताच्या बांधावर चालताना कळ येते ती अनेकदा त्याच्या खालच्या सांध्याची. शंका असेल तर डॉक्टर घोट्यात थोडं भुलीचं औषध घालून तासाभरात किती फरक पडतो ते बघतात. दोन, मधुमेह. पाय गरम, लाल, सुजलेला आणि त्यामानाने दुखत कमी असेल तर मज्जातंतू बधिर होऊन हाडं ढासळण्याचा, शार्को नावाचा प्रकार असू शकतो. तिथे वेळेत प्लास्टर लागतं, आणि सुई टोचणं धोक्याचं. तीन, क्षय. महिनोन् महिने एकाच घोट्याला सूज, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, असं काही असेल तर आपल्या देशात आधी टीबी वगळायचा. युरिक अॅसिड, आमवाताच्या तपासण्या, तीन महिन्यांची सरासरी साखर हे रक्ताचं कामही याच वेळी उरकून घ्या.

दुसरी पायरी: बारा आठवडे, मोजून

हा भाग कोणाला आवडत नाही, कारण यात कोणतंही मशीन नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या बऱ्याच जणांचं इंजेक्शन इथेच टळलेलं मी पाहिलं आहे.

आधी पादत्राण. घरात अनवाणी आणि बाहेर सपाट, कडक तळाची चप्पल, हे घोट्याला सर्वांत वाईट. कोल्हापुरी लग्नाकार्याला ठेवा. टाचेला मऊ आणि चवड्याकडे किंचित वर वळलेला, झोपाळ्याच्या पाळण्यासारखा गोल तळ असलेला बूट घ्या. पाऊल पुढे लोटायचं काम घोट्याऐवजी तळ करतो. पाय वर उचलायची हालचाल कमी झाली असेल तर बुटात टाचेखाली सेंटीमीटरभर उंचवटा. टाच आत वळली असेल आणि ती हाताने सरळ करता येत असेल, तर बाहेरच्या बाजूला उतरती पट्टी बसवून घ्या. हाताने सरळ होतच नसेल तर पट्टीचा उपयोग नाही. उगाच दुसरं काही दुखायला लागेल. ज्यांचा पाय वारंवार मुरगळतो त्यांनी दोऱ्यांनी आवळायचा घोट्याचा पट्टा चालताना घालावा. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे शंभरातल्या नव्वदांना उलटं वाटतं.

शौचाला कमोड. जमिनीवर मांडी घातली की घोट्याची बाहेरची बाजू फरशीवर दाबली जाते, म्हणून जेवायला पाट नको, खुर्ची. वजन जास्त असेल तर वरच्या पाचपटीचा हिशेब आठवा: एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलागणिक सांध्यावरचा पाचेक किलो भार उतरतो.

व्यायाम तीनच, पण रोज. ओट्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या, तीन मोजेपर्यंत वर, तीन मोजत खाली, १२ वेळा, तीन फेऱ्या. सोपं जायला लागलं की वर दोन पायांनी, खाली एका पायाने. नंतर पोटरीचा ताण: भिंतीला हात, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला, ३० सेकंद. हा ताण पोटरीत जाणवायला हवा. घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं झालं तर थांबा, तिथे हाडाचा कोंब अडतोय, आणि ताणून तो जात नाही. शेवटी एका पायावर उभं राहणं, कुकरची शिट्टी होईपर्यंत म्हणा हवं तर. तोल जाईल तेव्हा ओटा आहेच.

आणि वही. दर रविवारी तीन आकडे लिहायचे: शून्य ते दहामध्ये दुखणं किती, न थांबता किती मिनिटं चाललो, आणि घोट्याचा घेर. घेर मोजायला शिंप्याची टेप घोट्यापासून तळव्याखालून, पुन्हा वरून, टाचेमागून अशी इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखी, म्हणजे दोन वेटोळी एकमेकांना छेदतील अशी फिरवायची. नुसती घोट्याभोवती गुंडाळली तर दर वेळी वेगळं माप येतं. ही वही पुढे इंजेक्शन घेतलंत तरी लागणार आहे. तिच्याशिवाय 'फरक पडला' की 'पडल्यासारखा वाटला' हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरी पायरी: सिरिंजमध्ये नक्की काय आहे?

'रिजनरेटिव्ह', म्हणजे पुनर्निर्माण करणारं, या एका पाटीखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. त्यामुळे पहिला प्रश्न हाच: मला काय टोचणार?

*स्टेरॉइड* पुनर्निर्माण करत नाही, सूज दाबतं. काही आठवडे बरं वाटतं, लग्न-प्रवास निभावतो. वारंवार घेतलं तर कूर्चेला घातकच, आणि पुढच्या तीन महिन्यांत शस्त्रक्रिया ठरत असेल तर जंतुसंसर्गाच्या भीतीने टाळतात. *हायल्युरॉनिक अॅसिड*, म्हणजे लोक ज्याला 'वंगणाचं इंजेक्शन' म्हणतात, त्याचे घोट्यावरचे अभ्यास लहान आहेत आणि निकाल उलटसुलट. गुडघ्यातलं वंगण संपलं ही कल्पना मुळात यंत्रावरून आलेली. सांधा म्हणजे गिअरबॉक्स नव्हे.

*पीआरपी* म्हणजे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) भरपूर असलेला तुमच्याच रक्ताचा द्रव. ३० ते ६० मिलिलीटर रक्त काढतात, नळी यंत्रात गरगर फिरवतात. बाहेर येते तेव्हा तिचे तीन थर झालेले असतात: तळाला गडद लाल पेशी, वर लिंबाच्या सरबतासारखं पिवळसर पाणी, आणि मध्ये सायीसारखी पांढुरकी, नखाएवढी पातळ पट्टी. कारागिरी आहे ती या पट्टीच्या आसपासचं नेमकं उचलण्यात. नेहमीच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. चांगल्या पीआरपीत त्या तीन ते पाच पट, सुमारे दहा लाखांच्या घरात असाव्यात. प्लेटलेटमधून जखम भरून काढणारे संदेश सुटतात, सूज आटोक्यात येते, असा विचार. सांध्यासाठी पांढऱ्या पेशी कमी असलेला प्रकार पसंत करतात.

विचार चांगला आहे. प्रश्न निकालाचा. नेदरलँड्समध्ये घोट्याची झीज असलेल्या १०० जणांवर याची नीट चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये अमेरिकेच्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा आठवड्यांच्या अंतराने दोन इंजेक्शनं. काहींना पीआरपी, काहींना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नाही. २६ आठवड्यांनी शंभर गुणांच्या मोजपट्टीवर पीआरपीवाले सुमारे १० गुणांनी सुधारले. मिठाच्या पाण्याचे ११ गुणांनी. वर्षभरानंतर पाहिलं तेव्हाही दोन गटांत फरक नव्हता.

हे नीट समजून घ्या, कारण शेजारच्या माणसाचा अनुभव इथेच बसतो. 'मला पीआरपीने फरक पडला' म्हणणारा खोटं बोलत नाही. त्याला फरक पडलेलाच असतो. पण दुखणं मुळात चढतं-उतरतं. माणूस सर्वांत जास्त दुखतं तेव्हा सुई घ्यायला जातो, नंतर दोन आठवडे पाय जपतो, काळजी घेणारं कोणी भेटतं. मिठाच्या पाण्यालाही तेवढेच गुण मिळाले ते यामुळेच.

गुडघ्याचं काय? ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर झालेल्या चाचणीत, तीही २०२१ मध्येच 'जामा'त आली, वर्षभराने ना दुखण्यात ठळक फरक होता ना एमआरआयवर मोजलेल्या कूर्चेत. प्लेटलेटचं प्रमाण कमी होतं, असा आक्षेप पीआरपीचे समर्थक घेतात आणि तो अगदीच टाकाऊ नाही. गुडघ्यावर अनुकूल निकाल देणाऱ्या चाचण्याही आहेत. म्हणून पीआरपी म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या, बारा आठवडे प्रामाणिकपणे केलेल्या, शस्त्रक्रिया लांबवू पाहणाऱ्या माणसाने धोका कमी आहे हे जाणून, परवडेल तेवढ्याच पैशात एकदा करून बघितलं तर मी अडवत नाही. 'कूर्चा परत येईल' म्हणून घेणाऱ्याला अडवते.

*स्टेम सेल*, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, यांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. कमरेच्या हाडातून मज्जा शोषून, दाट करून घोट्यात घालतात. किंवा पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी. किंवा दात्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून. मज्जेतल्या केंद्रक असलेल्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी एखादीच पेशी असते, तेव्हा 'लाखो स्टेम सेल' हा दावा ऐकला की मोजल्या कोणी, ते विचारा. या पेशींना १९९१ मध्ये 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव देणारे अमेरिकन शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ मध्ये लिहिलं, की हे नाव आता बदला. या पेशी नवी ऊती बनवण्यापेक्षा औषधी संदेश सोडण्याचं काम करतात. नाव देणाऱ्यानेच ते परत मागितलं, पण पाट्या तशाच राहिल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत ४७५ जणांच्या गुडघ्यांवर मज्जा, चरबी आणि नाळेतल्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडशी केली गेली. वर्षभराने एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

आपल्याकडचे नियम माहीत असू द्या. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर हे संशोधन आहे, आणि संशोधनाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची उत्पादनं २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांखाली येतात. बंगळुरूच्या स्टेमप्यूटिक्सच्या अशा एका उत्पादनाला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, तीही गुडघ्याच्या झिजेसाठी. कोणी 'सरकारमान्य' म्हणालं तर पुढचा प्रश्न: कशासाठी मान्य? 'ट्रायल आहे' म्हणालं तर सीटीआरआयचा, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा आणि त्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः शोधा. ट्रायल खरी असेल तर बिल येत नाही. एक्सोसोम (पेशींतून सुटणारे सूक्ष्म कण) आणि नाळेच्या तयार कुप्या ट्रायलबाहेर घेऊच नका.

पीआरपी घ्यायचंच ठरलं, तर

दुखणं थांबवणाऱ्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या एक आठवडा आधी बंद, नंतरही दोन आठवडे नाहीत. त्या प्लेटलेटचं कामच रोखतात. गरज पडली तर पॅरासिटामॉल. हृदयासाठीची अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही, हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच. प्लेटलेट कमी असणं, रक्ताचा कर्करोग, अंगात कुठेही जंतुसंसर्ग, घोट्यावरच्या त्वचेला जखम, यांत पीआरपी नाही. साखर भरकटलेली असेल तर आधी ती.

त्या दिवशी तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. नळी तुमच्यासमोर उघडली आणि तिच्यावर तुमचं नाव लिहिलं का. सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत घातली का, कारण घोट्याची फट अरुंद आणि झिजलेली, अंदाजाने घातलेली सुई बाहेर राहू शकते. आणि सांध्याच्या आत भुलीचं औषध मिसळलं का. त्वचेला भूल ठीक, पीआरपीबरोबर सांध्यात नको; ती कूर्चेच्या पेशींना विषारी ठरू शकते. तयार द्रवातल्या प्लेटलेट मोजल्या का, हे विचाराच. बहुतेक ठिकाणी 'नाही' असंच उत्तर येईल, पण विचारणाऱ्याशी लोक जरा जपून वागतात.

पुढचे दोन-तीन दिवस ठणका वाढतो, तो अपेक्षित. दोन दिवस पायाला आराम, आठवड्याने हलका व्यायाम. परंतु ४८ तासांनंतर सूज आणि उष्णता वाढतच गेली, ताप आला, पाय टेकवेना, तर फोनवर सल्ला घेत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यात पू झाला तर उरलेली कूर्चा काही दिवसांत जाते.

तीन इंजेक्शनांचे पैसे एकदम भरू नका. एक घ्या, वही भरा, सहा आठवड्यांनी आकडे बघा.

सांधा वाचवणाऱ्या शस्त्रक्रिया

गंमत अशी की, कूर्चेला सावरायची संधी देण्याचा खरा प्रयत्न जिथे होतो, त्याची जाहिरात कोणी करत नाही.

तरुण माणसाच्या टॅलसवर एकाच जागी छोटा खड्डा असेल तर दुर्बिणीतून खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडतात. मज्जेतलं रक्त वर येतं, गोठतं, त्यातून तंतुमय कूर्चा तयार होते. मूळच्या काचेसारख्या गुळगुळीत कूर्चेच्या तुलनेत ती डागडुजीच, पण चालते. खड्डा साधारण एक चौरस सेंटीमीटरच्या आत असेल तर. त्याहून मोठ्या खड्ड्यासाठी गुडघ्यातून हाड-कूर्चेचा दंडगोल काढून बसवतात, किंवा स्वतःच्या कूर्चापेशी बाहेर वाढवून रोपतात. ही दुसरी पद्धत स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये २३ गुडघ्यांवर केलेल्या कामातून पुढे आली. हे सगळं एका जागच्या खड्ड्यासाठी आहे. सांधाभर पसरलेल्या झिजेसाठी नाही. माहितीपत्रकं नेमकी ही रेष पुसतात.

काकांसारख्या वाकड्या घोट्यासाठी घोट्याच्या वर नडगीचं हाड कापून, पाचर बसवून किंवा काढून, भार शाबूत बाजूला वळवतात. ताकाकुरांनी १९९५ मध्ये यावर लिहिलं. अशा रुग्णांत नंतर दुर्बिणीने पाहिलं असता काहींच्या झिजलेल्या जागी तंतुमय थर आलेला दिसला आहे. बाहेरून काही टोचलेलं नाही. भार हलला, एवढंच. दुसऱ्या व '३ अ' टप्प्यात हिचा विचार होतो. '३ ब'च्या पुढे फायदा घसरतो. ढिले अस्थिबंध असतील तर ते याच वेळी आवळतात, कारण डगमगत्या सांध्यावर केलेलं बाकीचं काम टिकत नाही.

दुसरा मार्ग सांधा ताणून ठेवण्याचा. रशियातल्या कुर्गान शहरातल्या इलिझारोव्ह यांच्या रिंगांची चौकट हाडांतून घातलेल्या तारांनी नडगी आणि पावलावर चढवतात, दोन्ही हाडं पाचेक मिलिमीटर दूर करतात आणि तसंच तीन महिने ठेवतात. चालायचं त्या चौकटीवरच. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या सर्जनांनी यावर बरंच काम केलं. काहींना कित्येक वर्षांचा आराम मिळतो, तरी पाच वर्षांत साधारण एक तृतीयांश लोकांना पुढची शस्त्रक्रिया लागते. तारांच्या भोकांतून पाणी येतं, झोप लागत नाही, पँट शिवून घ्यावी लागते. मी अशा एका बाईंच्या तारा पुसायला शिकवल्या आहेत. तिसऱ्या आठवड्यात त्या रडल्या, नवव्या आठवड्यात त्यांनीच मला चौकटीला लावलेली गोंड्याची झालर दाखवली.

चौथ्या टप्प्यात दोनच रस्ते: सांधा सांधून टाकणं, म्हणजे हाडं एकमेकांना कायमची जोडणं, किंवा कृत्रिम सांधा. ब्रिटनमधल्या ३०३ जणांच्या चाचणीत वर्षभराने दोन्हींनी चालणं बरंच सुधारलं आणि दोन्हींत ठळक फरक नव्हता. सांधलेला घोटा ऐकायला भयंकर वाटतो. पण शेतात, चढउतारावर राबणाऱ्या माणसाला तो अनेकदा जास्त मानवतो.

काकांचं पुढे काय झालं

उभ्याने काढलेल्या एक्स-रेत '३ अ' निघालं, टाच आत वळलेली, पण हाताने बरीचशी सरळ होणारी. माहितीपत्रक त्यांनी घडी करून पाकिटात ठेवलं. फेकायला मी सांगितलं नव्हतं. बारा आठवड्यांत वहीतलं दुखणं सातावरून चारवर आलं, चालणं दहा मिनिटांवरून पस्तीसवर. घेर तेवढाच. पाय-घोट्याच्या सर्जननी हाड वळवायची शस्त्रक्रिया सुचवली आहे, काकांना नातीच्या दहावीपर्यंत थांबायचंय. मधल्या काळात पीआरपी एकदा करून बघू का, असं त्यांनी विचारलं. एकच घ्या, पॅकेज नको, वही चालू ठेवा, असं मी म्हटलं. अजून घेतलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आले तेव्हा दारातच त्यांनी नवा बूट काढून स्वतःहून उलटा करून दाखवला. बाहेरची कड अजूनही थोडी जास्त झिजते आहे. पट्टी दोन मिलिमीटरने वाढवून दिली. पुढचा एक्स-रे दिवाळीनंतर.